गणपती थांबतो ती चाळ

दादर. अनंत चतुर्दशी. साल १९८० च्या दशकातलं कुठलंही धरा, चित्र तेच आहे. दुपारपासून गुलाल उडतोय, रस्त्यावरचं डांबर गुलाबी झालंय. तुमच्या चपलेचा एक अंगठा तुटलाय आणि वाकून बघायलाही जागा नाही. पुढे ट्रकवर गणपती, त्याच्यापुढे बेंजो पार्टी, तिच्यापुढे घामाने निथळलेली पोरं. मिरवणूक एका जुन्या चाळीसमोर येते आणि थांबते. तिचं नाव लल्लूभाई मॅन्शन. नावात मॅन्शन असलं तरी आहे चाळच.

ट्रॅफिक नाही, पोलिसांनी अडवलेलं नाही, आरतीची वेळही नाही. तरी मिरवणूक हलत नाही. बेंजोवाला आधीचं गाणं मध्येच तोडतो आणि १९५१ सालच्या एका गाण्याची सुरावट धरतो. पोरं माना वर करून हाका मारायला लागतात, "दादा! ओ दादा! या की खाली!"

थोड्या वेळाने जिन्यातून एक म्हातारा उतरतो. बुटका, गोल पोटाचा, टक्कल पडलेला. गर्दी आपोआप दुभंगते. तो गणपतीला हात जोडतो आणि नाचायला लागतो. आता त्याच्याकडे नीट बघा, कारण पुढे जे काही सांगायचंय ते या नाचातच आहे. उडी नाही, गिरकी नाही. पाय जमिनीला जेमतेम सोडतात. कोपरात मुडपलेले हात छातीपुढे हलके झुलतात, खांदा एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि चेहऱ्यावर कमालीचा निवांतपणा. हा नाच तुम्ही आयुष्यभर पाहिलाय. अमिताभच्या अंगात पाहिलाय, वरातीत तुमच्या काकांच्या अंगात पाहिलाय. बहुधा तुम्ही स्वतःही नाचलाय. ज्याचा तो आहे, तो माणूस आत्ता तुमच्यापासून चार हातांवर, घरातल्या कपड्यांत, गुलालात उभा आहे.

भगवान आभाजी पालव. भगवानदादा.

मिनिटभराने ते दमतात, हात हलवतात आणि वर जातात. मिरवणूक चौपाटीकडे सरकते. तुम्ही मात्र तिच्याबरोबर जाऊ नका. उलट्या दिशेला वळा.

पहिली गोष्ट कानावर येते ती गिरणीचा भोंगा. १९३० च्या आसपासची मुंबई. आभाजी पालव गिरणीत कामाला आहेत. त्यांचा मुलगा १ ऑगस्ट १९१३ ला अमरावतीत जन्मला आणि वाढला तो इथे, दादर-परळच्या गिरणगावात. पोराला वेड दोनच गोष्टींचं, व्यायाम आणि सिनेमा. अंग कमावलंय, कुस्तीचा शौक आहे. 'दादा' ही उपाधी त्याला चिकटली ती या तालमीच्या अंगामुळे. मिळेल ती अंगमेहनत करतो आणि सुटल्यावर स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा. उन्हातान्हात रोज असे पन्नासजण येतात आणि संध्याकाळी परत जातात. याला एका मूकपटात काम मिळतं ते कुबड्याचं. ज्याने शरीर कमावलं, त्याला पहिल्यांदा पडद्यावर उभं करायचं ते पाठीला पोक काढून! त्याला त्याचं काही वाटत नाही. पडद्यावर दिसलो, बस्स.

मग बोलपट येतो. मूकपटातले बरेच नट आवाजापायी बाहेर फेकले जातात, पण हा टिकतो, कारण याचं भांडवल आवाज नव्हतंच. १९३८ मध्ये चंद्रराव कदमांच्या जोडीने तो 'बहादुर किसान' दिग्दर्शित करतो आणि तिथून दहाएक वर्षं स्टंटपटांची रांग लागते. मारामाऱ्या, घोडे, तलवारी. सेटवर जा, म्हणजे या चित्रपटांचं अर्थशास्त्र कळेल. दिग्दर्शक तोच, हाणामारी करणारा नायक तोच, आणि दुपारी युनिटच्या जेवणाचं बघणाराही तोच. कपडे कुठले वापरायचे तेही तोच ठरवतो. पासष्ट हजारात म्हणे अख्खा सिनेमा व्हायचा. शहराच्या चांगल्या वस्तीतली माणसं हे चित्रपट बघत नाहीत, वर्तमानपत्रं त्यांची दखल घेत नाहीत. बघतात ते गिरणीतून सुटलेले कामगार, पिटात बसून, शिट्ट्या मारत.

या सगळ्यात एक दिवस असा आहे की तुम्ही तिथे थांबू नये असं वाटतं. पण थांबावं लागेल.

१९४२. चित्रपटाचं नाव 'जंग-ए-आझादी'. सेटवर ललिता पवार आहेत. येवल्याच्या, मूकपटापासूनच्या नायिका, वय पंचविशीच्या आसपास, देखण्या. प्रसंग थोबाडीत मारण्याचा आहे. समोरच्या नटाचं अंग तालमीतलं आणि हात स्टंटपटांना सरावलेला. त्याला जोर किती लावायचा ते कळत नाही. तुम्ही दोन दिव्यांच्या मध्ये उभे आहात, पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुमचा आवाज तिथल्या कुणाला ऐकू जात नाही. हात फिरतो. डाव्या डोळ्यातली शीर फुटते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. उपचार चालतात तीन वर्षं, आणि डावा डोळा कायमचा बारीक होतो. नायिका म्हणून बाईंचं करिअर तिथेच संपतं.

भगवानदादांवर लिहिणारे बहुतेकजण हा प्रसंग एका वाक्यात आटोपून पुढे त्यांच्या गाजलेल्या 'अलबेला' या चित्रपटाकडे धावतात. मला ते पटत नाही. तो अपघात होता हे खरं. पण ज्याच्या पतनाबद्दल आपण हळहळायला निघालोय, त्याच्याच हाताने दुसऱ्या एका माणसाचं सगळं विस्कटलं होतं, हेही तितकंच खरं. आणि गंमत बघा. ललिता पवार परत उभ्या राहिल्या. त्याच बारीक डोळ्याचं त्यांनी हत्यार केलं. खाष्ट सासू त्यांनी अशी वठवली की घराघरांतल्या सुनांना धडकी भरावी. 'श्री ४२०'मधली केळेवाली, 'अनाडी'मधली मिसेस डिसा, थेट टीव्हीवरच्या 'रामायणा'तली मंथरा. जिचं सगळं गेलं असं लोक म्हणत होते, तिला शेवटपर्यंत काम मिळत राहिलं. ज्याचा हात उठला, तो पुढे दहा वर्षांत शिखरावर पोचला आणि मग कामासाठी दारोदार फिरला. यात न्याय शोधायला जाऊ नका, हाती काही लागणार नाही.

आता चेंबूर, १९४७. झाडी, मोकळी जमीन, मुंबई अजून इथवर पोचलेली नाही. 'जागृती पिक्चर्स' ही संस्था त्याने १९४२ मध्येच काढली होती, आता इथे जागृती स्टुडिओ उभा राहतोय. गिरणी कामगाराच्या पोराचा स्वतःचा स्टुडिओ! 'भेदी बंगला' हा भुताटकीचा चित्रपट १९४९ मध्ये येऊन लोकांना घाबरवून जातो. याच सुमारास राज कपूर त्याला सल्ला देतो की हाणामाऱ्या पुरे, आता एखादा सामाजिक चित्रपट कर.

तिथून १९५१ मध्ये निघतो 'अलबेला'.

इथे मात्र घाई करू नका, एक अख्खा दिवस हाताशी ठेवा. गाण्याच्या तालमीला जाऊन बसा. पेटीवर आहेत सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. भगवानची आणि त्यांची दोस्ती जुनी. नाव नव्हतं तेव्हा यानेच त्यांना संगीतकार म्हणून संधी दिली होती. गाणी राजेंद्र कृष्ण यांची. आणि कोपऱ्यात ट्रंपेट पुसत बसलेला हा देखणा गोवेकर कोण? आंतोनियो झेवियर वाझ. सगळं शहर त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. हळदोण्याचा माणूस, रात्री ताजमध्ये जॅझ वाजवतो, दिवसा अण्णांना वाद्यमेळ बांधून देतो. बाँगो वाजायला लागतो, माराकस खुळखुळतात, आणि त्यावर अण्णा स्वतः लता मंगेशकरांबरोबर गातात, फक्त श्रेयनामावलीत नाव लावतात ते 'चितळकर' एवढंच. पुणतांबं, हळदोणं आणि लॅटिन अमेरिका एका खोलीत बसलेत आणि ते कुणाला विचित्रही वाटत नाही. चिक चॉकलेट तर आपल्या बँडसह चक्क पडद्यावरही दिसतो. याच चित्रपटात एक अंगाई आहे, इतकी मऊ की ही आणि ती धांगडधिंग्याची गाणी एकाच माणसाने केली यावर विश्वास बसू नये.

मग सेट. समोर गीता बाली. त्याच वर्षी देव आनंदबरोबर 'बाझी' करणारी आणि अंगात पारा भरलेली. तिच्यापुढे हा बुटका, पस्तिशी ओलांडलेला, पोट सुटायला लागलेला नायक. नाच शिकलेला नाही, आणि शिकल्याचा आवही आणत नाही. ती वाऱ्यासारखी फिरते, हा जागच्या जागी डुलतो. त्याने एक गोष्ट अचूक ओळखली आहे. पिटातल्या माणसाला गीता बालीसारखं कधीच नाचता येणार नाही. पण माझ्यासारखं? आजच येईल, थिएटरमधून घरी जाईपर्यंत येईल.

चित्रपट लागला की गिरणगावातल्या कुठल्याही थिएटरात घुसा. पिटातलंच तिकीट काढा. बाकड्यावर ढेकूण आहेत आणि विडीच्या धुरात पडदा अर्धा दिसतो. पण गाणं सुरू झालं की कुणी बसून राहत नाही. शेजारचा माणूस, ज्याच्या बनियनला अजून कापसाची तूस चिकटलीय, तो उठून पॅसेजमध्ये नाचतो. खिशातला दिवसाचा चहा-पाव तो पडद्यावर उधळतो. नाणी पडद्याला लागून खाली पडतात, त्यांचा आवाज तुम्हाला इथून ऐकू येतो. त्या वर्षी कमाईत 'अलबेला'च्या पुढे दोनच चित्रपट होते, 'आवारा' आणि 'बाझी'. सल्ला देणाऱ्याचा पहिला आणि घेणाऱ्याचा तिसरा.

गोष्ट काय होती 'अलबेला'ची? प्यारेलाल नावाचा गरीब घरातला मुलगा. त्याला रंगभूमीचं वेड, घरचे वैतागलेले. भांडून घर सोडतो आणि मोठा नट होऊन परततो, तेव्हा आई गेलेली असते आणि घराची धूळधाण झालेली असते, कारण त्याने पाठवलेले पैसे नात्यातल्याच माणसाने मध्ये गिळलेले असतात. पिटातली माणसं नाचून दमली की इथे डोळे पुसायची. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता जुहू. समुद्राला लागून बंगला, पंचवीस खोल्यांचा. दारात गाड्या, आठवड्याच्या वारांइतक्या. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी, असं त्या काळचे लोक सांगतात. तुम्हाला हसू येईल, पण जो मुलगा स्टुडिओच्या फाटकापर्यंत पायी जात होता, त्याच्या जागी उभे राहून बघा. त्याने पैसा दुसऱ्या कशावर उधळायचा होता?

इथे तुम्हाला पुन्हा काहीतरी बोलावंसं वाटेल, कारण व्हरांड्यात पुढच्या चित्रपटाची चर्चा चाललीय. नाव 'झमेला'. गीता बाली आहे, अण्णा आहेत, तोच नायक आहे. पुन्हा तेच सगळं, थोडं जास्त. १९५३ मध्ये तो येतो आणि पडतो. मग १९५५ मध्ये 'लबेला'. नावावरूनच कळतं ना काय चाललंय? अलबेला, झमेला, लबेला. एका यशाच्या यमकात माणूस अडकला होता. तो नाच एकदाच अचानक सापडला होता, म्हणून गोड होता. तो ठरवून, पैसे लावून, पोस्टरवर छापून परत करायला गेलं की त्यातला निवांतपणाच जातो. भगवानने नाचात जे ओळखलं, ते निर्माता म्हणून ओळखलं नाही, आणि त्याच्या घसरणीचं मूळ मला तरी तिथे दिसतं. नशिबाला बोल लावणारे लावोत.

१९५६ ला किशोर कुमारबरोबरच्या 'भागम भाग'ने थोडा श्वास मिळाला. त्या धीरावर किशोरलाच घेऊन 'हंसते रहना' काढला, होतं नव्हतं ते त्यात घातलं. चित्रपट अर्ध्यात बंद पडला.

पुढचं फार सावकाश बघण्यासारखं नाही. बंगला गेला. गाड्या गेल्या, एकेका वाराने. स्टुडिओ गेला. ज्या गोदामात जुन्या चित्रपटांच्या रिळी ठेवल्या होत्या, त्याला आग लागली, आणि त्या पासष्ट हजारी स्टंटपटांमधलं जवळजवळ काही उरलं नाही. 'भेदी बंगला'ही त्यातच गेला. नायट्रेटची फिल्म पेटली की विझत नाही, पाण्याखालीही जळत राहते. दहा-बारा वर्षांची मेहनत आणि पिटातल्या त्या सगळ्या शिट्ट्या एका आगीत संपल्या. बंगल्यापेक्षा हे नुकसान मोठं असं मी म्हणेन, पण बंगला गेल्याची हळहळ सगळे करतात आणि रिळींची कुणी करत नाही.

राहायला उरली दादरची चाळ. जुहूला ज्यांची वर्दळ असायची, त्यातले चाळीचा जिना चढून येणारे मोजकेच. अण्णा चितळकर, ओम प्रकाश, राजेंद्र कृष्ण. बाकीच्यांना पत्ता सापडला नाही असं समजू या.

१९७० नंतरच्या कुठल्याही सेटवर जा आणि एक्स्ट्रांच्या रांगेत बघा. हवालदाराच्या वेशात उभे आहेत ते दादा. आता एकेरी नको. एक शॉट आहे, दोन वाक्यं आहेत, कधी तीही नाहीत. शिफ्ट सुटेपर्यंत बाकावर बसून राहतात. मधूनच एखाद्या दिग्दर्शकाला हुक्की येते, गाण्यात चार सेकंद दादांना तोच नाच करायला सांगतात, आणि कोपरं छातीपुढे येतात. चित्रीकरण संपलं की पुन्हा बाक. त्यांनी तीनशेवर चित्रपटांत काम केलं असं म्हणतात, त्यातला मोठा भाग हा असा चार-चार सेकंदांचा. ज्या नटाला कॅमेऱ्यासमोर मधोमध उभं केलेलं असतं, तो नाचतो दादांसारखाच, आणि त्याच्या एका दिवसाच्या पैशांत दादांचं वर्षाचं भाडं निघालं असतं. हे बोलून दाखवू नका, त्यांना ठाऊक आहे.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप होतो. भोंगे थांबतात. पिटातून नाणी उधळणाऱ्यांची पोरं बेकार होऊन नाक्यावर उभी राहतात, आणि हीच पोरं गणपतीची वर्गणी गोळा करून बेंजो ठरवतात. म्हणून तर सुरुवातीला मी तुम्हाला मिरवणुकीबरोबर चौपाटीवर जाऊ दिलं नाही. सिनेमासृष्टीने दादांना बाकावर बसवलं होतं, पण त्या जिन्याखाली ट्रक थांबवणारे हे लोक वेगळे होते. त्यांना दादांकडून काही काम करून घ्यायचं नव्हतं आणि त्यांच्याकडे द्यायलाही काही नव्हतं. वर्षातून एकदा खाली बोलवायचं, एवढंच. त्याने घरभाडं भागत नाही. पण त्या मिनिटभरात दादांचा चेहरा तुम्ही पाहिलात. १९५१ च्या सेटवरचा तोच.

प्यारेलालची गोष्ट आठवली का? तो चाळीतून निघून रंगमंचावर गेला. त्याला साकारणारा माणूस रंगमंचावरून चाळीत परतला.

४ फेब्रुवारी २००२ रोजी भगवानदादांना दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय ८८. त्यांच्यावरचा 'एक अलबेला' २०१६ मध्ये आला. मंगेश देसाई दादा झाले, विद्या बालन गीता बाली झाली, आणि थिएटरात लोक पुन्हा त्या चालीवर डुलले.

मूळ 'अलबेला' अजून बघायला मिळतो, आगीतून तो वाचला. बघाल तेव्हा एक करा. गाणी आली की गीता बालीवरून नजर काढणं अवघड आहे, तरी दोन मिनिटं काढा आणि फक्त दादांचे पाय बघा.